मासवडीचा कौल

नीरजा शेवाळेला आपल्या नवऱ्याच्या आलेखाचा हेवा वाटत होता. लोकांच्या नवऱ्यांना पत्त्यांचे नाद असतात, गाड्यांचे असतात, निदान राजकारणाचे तरी असतात. राजसला नाद होता पडद्यावरच्या एका टेकाडाचा. हे टेकाड रोज थोडं डावीकडे नाहीतर उजवीकडे सरकायचं, आणि राजस घरी आला की हात धुता धुता ते कुठं सरकलं ते सांगायचा. टेकाडासमोर त्याच्या शेजारच्या खुर्चीत अश्लेषा तांबट बसलेली असते, हे तो सांगायचा नाही. ते नीरजाला ठाऊक होतं, कारण ती खुर्ची पूर्वी तिची होती.

"आज डावीकडं सरकलं," राजस म्हणाला. "चांगलंच. अश्लेषानं गाळणी आणखी बारीक केली, आणि काय सांगू तुला..."

"पान वाढलंय," नीरजा म्हणाली.

पानात मुगाची खिचडी होती. शेजारी पापड नव्हता, वर तूप नव्हतं, आणि लोणच्याची बरणी तिनं फळीवरून काढलीही नव्हती. राजसनं एकदा खिचडीकडे पाहिलं, एकदा बायकोकडे पाहिलं आणि मुकाट्यानं जेवायला बसला.

हे टेकाड कशाचं, ते आधीच सांगून टाकलेलं बरं. म्हणजे पुढचं भांडण समजायला सोपं जाईल.

ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या त्वरणयंत्रातून न्यूट्रिनोंचा झोत सुटतो आणि जमिनीत घुसतो. चंद्रपूरच्या, म्हणजे नीरजाच्या माहेराच्या, पोटाखालून तो पंचवीसेक किलोमीटर खोलीवरून जातो आणि जुन्नरच्या पश्चिमेला, घाटमाथ्यावरच्या भोरकडा डोंगरात वर निघतो. मध्ये हजार-बाराशे किलोमीटर नुसता खडक. पण न्यूट्रिनोला खडकाचं काय! त्याला विद्युतभार नाही आणि वस्तुमान नावापुरतं. अब्जावधी येतात तसेच आरपार निघून जातात. त्यातला एखादाच भोरकड्याच्या गुहेतल्या द्रवरूप अर्गॉनच्या टाकीत एखाद्या अणूला धडकतो आणि मागे एक रेघ सोडतो. त्या रेघांच्या जिवावर डोंगरावर एक अख्खी वसाहत जगत होती.

गंमत अशी की हा कण वाटेत आपली ओळख बदलतो. न्यूट्रिनो तीन प्रकारचे: इलेक्ट्रॉनचे, म्यूऑनचे आणि टाऊचे. ओडिशातून निघताना बहुतेक सगळे म्यूऑनचे असतात; जुन्नरला पोचेपर्यंत त्यातले काही इलेक्ट्रॉनचे झालेले असतात. कारण प्रत्येक न्यूट्रिनो आतून तीन वेगवेगळ्या वस्तुमानांचं मिश्रण असतो आणि त्या तिघांचा ठेका किंचित वेगळा असतो. तीन ढोलवाल्यांनी एकदम सुरुवात केली आणि प्रत्येकाचा ठेका केसभर वेगळा असला, तर दोन गल्ल्या ओलांडेपर्यंत ऐकू येणारा ताल निराळाच होऊन बसतो. तसंच हे. शास्त्रात याला दोलन म्हणतात.

आता खरा प्रश्न. प्रत्येक कणाला एक प्रतिकण असतो, आरशातल्या प्रतिमेसारखा. मग प्रतिन्यूट्रिनोंचा झोत सोडला तर तेही तितकेच बदलतात का? वाटेतल्या खडकामुळे पडणारा फरक वजा करूनही दोघांची वागणूक सारखी निघाली, तर आरसा सरळ आहे आणि सममिती शाबूत आहे. पण तिथंच पंचाईत होते. विश्वाच्या आरंभी द्रव्य आणि प्रतिद्रव्य सारखंच निर्माण झालं असेल, तर दोघांनी एकमेकांचा फडशा पाडून मागे काहीच उरायला नको होतं. आपण तर उरलो आहोत. म्हणजे निसर्गानं कुठंतरी पक्षपात केला असणार, आणि त्यात न्यूट्रिनोंचा हात असावा असा जुना संशय आहे. हा पक्षपात किती, ते एका कोनावरून कळतं. कोन शून्य असेल तर पक्षपात नाही. नव्वद अंशांच्या जवळ असेल तर पुरेपूर. राजसच्या पडद्यावरचं टेकाड म्हणजे तो कोन.

पण राजसला खरा कोन दिसत नव्हता. शास्त्रज्ञ झाला तरी माणूसच. हवा तो आकडा दिसला की तो चुका शोधायचं थांबवतो, आणि नको तो दिसला की शोधतच बसतो. म्हणून खऱ्या कोनात एक गुप्त आकडा मिसळायचा आणि मगच तो विश्लेषकांपुढे ठेवायचा, अशी या धंद्यात रीत आहे. टेकाड डावीकडे गेलं की उजवीकडे, एवढं त्यांना दिसतं. शून्य नेमकं कुठल्या बाजूला आहे ते दिसत नाही. सगळं काम गोठवून सह्या झाल्या की गुप्त आकडा काढून घेतात. त्याला भोरकड्यावर ‘पेटी उघडणं’ म्हणत. तोवर तो आकडा एकाच माणसाला माहीत असतो, कारण टाकी बिघडून आकडे वेडेवाकडे यायला लागले तर ओरडायला कुणीतरी शुद्धीवर हवं. शिवनेरी जवळच असल्यामुळे या माणसाला सगळे किल्लेदार म्हणत. भोरकड्याची किल्लेदार होती नीरजा.

तिला ते काम संचालक गुरव सरांनी दिलं होतं. "नीरजा, तुझ्याइतकं चोख माणूस या डोंगरावर दुसरं नाही," ते म्हणाले होते, आणि आजूबाजूच्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. टाळ्या थांबल्यावर तिच्या लक्षात आलं की चोख माणसाला आता विश्लेषणात पाऊल टाकता येणार नाही. गाळणी तिची होती. टाकीत इलेक्ट्रॉनची रेघ केरसुणीसारखी फिसकारलेली उमटते. पण काही केरसुण्या खोट्या असतात, दुसऱ्याच कणांनी काढलेल्या. खऱ्यातून खोट्या निवडून काढायची युक्ती नीरजानं पीएचडीच्या वेळी शोधली होती. ती गाळणी आता अश्लेषाच्या हातात गेली आणि नीरजाच्या हातात आली किल्ली. पंगतीतून उठवून एखाद्याला दारावर राखणीला बसवावं आणि वर त्याच्या इमानदारीचं कौतुक करावं, तशातला प्रकार.

गुपित फुटू नये म्हणून बंदोबस्त मात्र कडेकोट होता. रेघा वाचणाऱ्या यंत्रबुद्धीलाही गुप्त आकडा माहीत नव्हता, कारण तिलाही साहेबांना आवडेल ते बोलायची खोड असते असा अनुभव होता. नीरजाच्या घरातली बोलकी यंत्रं काढून नेली होती, तिचा फोन तपासला जाई, आणि या विषयावर चकार शब्द काढणार नाही अशी तिनं शपथ घेतली होती. राजसला कसलीच शपथ नव्हती. त्याच्यापाशी फोडायला होतंच काय? तो आपला रोज घरी येऊन टेकाड कुठं सरकलं ते सांगायचा, आणि नीरजा ऐकून गप्प बसायची.

गप्प बसणं तिला जमायचं. ऐकणं जमायचं नाही. कारण तिला ठाऊक होतं की डावीकडे म्हणजे नव्वदच्या दिशेला. टेकाड डावीकडे सरकलं की आरसा आणखी वाकडा होत होता, शोध आणखी मोठा होत होता आणि त्या शोधावर दोन नावं उमटत होती: शेवाळे आणि तांबट. शेवाळे म्हणजे राजस. ती नव्हे.

जानेवारीत वसाहतीची सगळी मंडळी खालच्या गावात हुरडा खायला गेली. आगटीभोवती घोंगड्या अंथरल्या होत्या. राजस आणि अश्लेषा एकाच घोंगडीवर बसून एकाच कणसावरून वाद घालत होते. कणसावरून म्हणजे कणसाचे दाणे मांडून. "हे खरे, हे खोटे, आणि हे मधले," असं काहीतरी चाललं होतं. मध्येच अश्लेषानं एक दाणा उचलून तोंडात टाकला आणि दोघं खो खो हसली. नीरजाच्या हातातली लसणाची चटणी द्रोणातून सांडली तरी तिला कळलं नाही.

मग अश्लेषाच उठून तिच्याजवळ आली. "नीरजामॅडम, तुमची गाळणी मी थोडी बदललीय हं. रागावणार नाही ना?"

डोंगरावर सगळे राजसला राजस सर म्हणत. ही नुसतं राजस म्हणायची, आणि नीरजाला मॅडम. म्हणजे त्याच्याशी बरोबरी आणि हिला पोक्तपणाची शाल! नीरजाला तिचे ते हुरड्यानं काळे झालेले हातसुद्धा बघवेनात.

"रागवायचं काय त्यात," ती म्हणाली. "जुनी झाली ती आता. माझ्यासारखी."

"काहीतरीच काय मॅडम! अहो, तुमच्या त्या गाळणीवर तर आम्ही उभे आहोत."

उभे आहात ते दिसतंय, असं नीरजाच्या ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं आणि वर गुळाचा खडा तोंडात टाकला.

नवऱ्यावर तिचा तसा संशय नव्हता, हेही इथं सांगायला हवं. असता तर सोपं झालं असतं. माहेरी निघून जाता आलं असतं, चार नातेवाइकांनी बाजू घेतली असती. तिला अश्लेषाचा हेवा वाटत होता तो खुर्चीसाठी, त्या वादासाठी, ‘हे मधले’ म्हणण्यासाठी. आणि राजसचा हेवा वाटत होता तो तिला हे सगळं नको असेल असं बिनधास्त गृहीत धरण्यासाठी. आयुष्यात एकदाच निसर्ग असा पदर बाजूला करतो, आणि तेव्हा आपण दाराबाहेर किल्ली घेऊन उभं राहायचं. तिच्या पोटात आग पडायची.

पण असेही दिवस यायचे की राजस पाय ओढत घरी येई आणि म्हणे, "आज उजवीकडं गेलं गं. गाळणी थोडी सैल केली तर पार उजवीकडं."

उजवीकडे म्हणजे शून्याकडे. नीरजाला एकदम हलकं वाटायचं. असं वाटणं वाईट आहे हे कळायचं, तरी वाटायचंच. ती उठून बेसन चाळायला घ्यायची. तीळ, खोबरं, कांदा, लसूण भाजून सारण व्हायचं. बेसन शिजवून ओल्या फडक्यावर थापलं जायचं, सारण भरून वळलं जायचं, आणि घरभर रश्श्याचा वास सुटायचा. मासवडी म्हणजे जुन्नरकडच्या माणसाचा जीव की प्राण, आणि करणाऱ्याच्या हातांचा पिट्टा. सासूबाईंकडून ती शिकल्यावर नीरजानं सांगून ठेवलं होतं की मनात असेल तेव्हाच करीन, फर्माईश चालणार नाही. राजस भरपूर खायचा, उरलेली दुसऱ्या दिवशी डब्यात न्यायचा. त्या जेवणात दोघं खूप बोलायची. नीरजा त्याच्या पाठीवरून हात फिरवून म्हणायची, "होईल रे सगळं नीट."

पेटी उघडायच्या आदल्या दिवशी दुपारी अश्लेषा नीरजाच्या दारात उभी राहिली. काम गोठवलं होतं, सह्या झाल्या होत्या, त्यामुळे आता कुणी कुणाच्या घरी जायला हरकत नव्हती. तिनं नारायणगावहून द्राक्षांची पेटी आणली होती.

"तुम्ही तीन वर्षं कशी काढलीत कुणास ठाऊक," ती म्हणाली. "सगळं माहीत असून गप्प. मी तर फुटले असते."

"सवय होते," नीरजा म्हणाली आणि तिच्यासाठी चहा टाकला. उद्यापासून ही पोरगी जगभर मिरवणार होती. चहात साखर घालताना नीरजाचा हात आखडला.

"आणि मॅडम, एक मागणं आहे. मासवडी कशी करतात ते मला शिकवाल? आमच्याकडं तिची फार दहशत आहे."

"दहशत कसली?"

अश्लेषा हसायला लागली. "राजसच्या डब्यात मासवडी दिसली की आम्ही समजतो, कालची गाळणी गेली. मासवडी आली, सेटिंग गेली! आदल्या दिवशी स्वतःच पसंत केलेली असते, आणि सकाळी येऊन म्हणतो, हिच्यात काहीतरी खोट आहे, पुन्हा तपासा. आणि तपासलं की सापडतंच काही ना काही. शोधलं की सापडतंच ना. आम्ही म्हणतो, राजस घरी जाऊन देवाला कौल लावून येतो."

देवाला कौल लावणं म्हणजे मूर्तीच्या अंगावर फुलं चिकटवायची, प्रश्न विचारायचा आणि उजवं फूल पडतं की डावं ते बघायचं. नीरजानं हातातला कप खाली ठेवला. डोंगरावरच्या एवढ्या हुशार माणसांनी ही गोष्ट रोज डोळ्यांनी पाहिली होती आणि अंधश्रद्धा म्हणून हसण्यावारी नेली होती. कुणाच्याही डोक्यात आलं नाही की या कौलातला देव खरोखरच सगळं जाणून होता.

नियम तोंडाचा होता, चेहऱ्याचा नव्हता. आणि स्वयंपाकाचा तर नव्हताच नव्हता.

राजस संध्याकाळी आला तो शीळ घालत. नीरजानं त्याला बसवलं आणि सगळं सांगितलं. टेकाड ज्या ज्या दिवशी उजवीकडे गेलं त्या त्या दिवशी मासवडी. डावीकडे गेलं की खिचडी. तो ऐकत गेला तसा त्याचा चेहरा उतरत गेला.

"योगायोग आहे," तो म्हणाला.

"तू मला हे सांगतोस? तू?"

"गाळण्या आम्ही कारणं देऊन टाकल्या, नीरू. प्रत्येक टाकलेल्या गाळणीत चूक होती. खरी चूक."

"आणि ठेवलेल्या गाळण्यांत? त्या तपासल्या तुम्ही तेवढ्या? खिचडीच्या दुसऱ्या दिवशी?"

राजस उठला. खिडकीशी जाऊन उभा राहिला. बाहेर हिरड्याच्या झाडाखाली वसाहतीची माणसं उद्यासाठी मांडव घालत होती.

"उद्याचं होऊन जाऊ दे," तो शेवटी म्हणाला. "मग बघू."

"एकदा आकडा बघितल्यावर काय बघणार, राजस? आकडा डोक्यातून काढता येत नाही. माझ्या डोक्यातून निघाला का?"

"लोक काय म्हणतील कळतंय का तुला? नवऱ्याचं चांगलं झालेलं हिला बघवलं नाही म्हणतील!"

"खरंच नाही बघवत."

तो वळला.

"नाही बघवत मला," नीरजा म्हणाली. "तुझं नाही बघवत, तिचं तर नाहीच नाही. टेकाड डावीकडं गेलं की मला तुझ्या पानात जेवणसुद्धा वाढावंसं वाटत नव्हतं. तेच तर सांगतेय ना मी! मला हेवा वाटला नसता तर तुला काही कळलंच नसतं."

राजस चप्पल घालून बाहेर निघून गेला. त्या दिवशी त्यांच्या घरात चूल पेटली नाही.

नीरजा बसून राहिली. गप्प राहिलं तर उद्या नवऱ्याचं नाव होणार होतं आणि एक भेसळ झालेला आकडा जगभर पाठ्यपुस्तकांत जाणार होता. बोललं तर ते जाणार नव्हतं, पण राजसची तीन वर्षं जाणार होती, आणि कदाचित राजसही. यातलं सगळ्यात वाईट असं की बोलायच्या विचारानं तिला आतून थोडा आनंद होत होता. अश्लेषाच्या तोंडचा घास जाईल, म्हणून. मग हे बोलणं सचोटीचं की जळफळाटाचं? आकड्यात खोट मिसळायची सोय होती. स्वतःच्या मनात मिसळून ते तपासायची सोय नव्हती. तिनं एवढंच ठरवलं की कारण कुठलंही असो, आकडा खोटा आहे तो आहेच.

सकाळी सभागृह गच्च भरलं होतं. पडद्यावर ओडिशाची मंडळी जमली होती. गुरव सरांनी नारळ फोडला, चार शब्द बोलले आणि नीरजाला पुढे बोलावलं. तिनं गुप्त आकडा टाकायचा, की टेकाड आपल्या खऱ्या जागी जाऊन बसणार. राजस पहिल्या रांगेत होता. तो तिच्याकडे बघत नव्हता.

नीरजा कळफलकासमोर उभी राहिली आणि तिनं हात मागे घेतले.

"सर, ही पेटी उघडता येणार नाही. ती बंदच नव्हती. मला माझ्या नवऱ्याचा आणि अश्लेषाचा हेवा वाटत होता. निकाल मोठा होत गेला की मी घरी धड बोलत नव्हते, लहान होत गेला की मासवडी करत होते. राजसला ते दिसत होतं. गाळणी माझ्या तोंडाकडं बघून लावली गेलीय."

सभागृहात आधी कुणीतरी हसलं. मग कुणीच हसेना. गुरव सरांनी चष्मा काढला. "नीरजा, हा घरगुती मामला..."

"घरगुती नाही, सर," मागून आवाज आला. अश्लेषा उभी होती. ती आठवून आठवून बोलत होती. "मॅडम खरं सांगतायत. डब्यात मासवडी असली की गाळणी बदलायची. दर वेळी. आम्ही त्यावर विनोद करत होतो."

आता सगळे राजसकडे बघायला लागले. तो मान खाली घालून बसला होता. मग बसूनच म्हणाला, "मी ठरवून केलं नाही. पण नीरू खूश दिसली की मला वाटायचं, आज काहीतरी हुकलं. ती रुसली की वाटायचं, जमतंय. एवढ्या वर्षांच्या संसारात माणूस एवढं तरी वाचायला शिकतो."

गुरव सरांनी पेटी उघडली नाही. पडद्यावरची ओडिशाची मंडळी एकेक करून उठून गेली, आणि मांडवात वाढून ठेवलेला शिरा तसाच गार झाला.

सगळं पुन्हा करायचं ठरलं. गुप्त आकडा नवा, किल्लेदार नवा. आणि तो खालच्या गावात एकटा राहणारा, लग्न न झालेला मुद्दाम निवडला. गाळणी या वेळी खऱ्या रेघांवर लावायचीच नाही, यंत्रानं रचलेल्या खोट्या रेघांवर लावून कायमची गोठवायची. राजसला त्यातून दूर ठेवलं, कारण तो कौल घेऊन बसला होता. नीरजाला दूर ठेवलं, कारण तिला उत्तराचा अंदाज होता. मग नेतृत्व करायला उरली कोण? अश्लेषा तांबट.

नीरजानं हे ऐकलं तेव्हा ती हसली, आणि मग न्हाणीघरात जाऊन रडली.

राजस अर्गॉनच्या पंपांवर देखरेख करायला लागला. कितीतरी दिवस तो घरात हो-नाहीपलीकडे बोलला नाही. पानात काय पडतं ते न बघता जेवायचा. एकदा तिनं मासवडी केली तर तो म्हणाला, "आज कशाबद्दल?" आणि ती रागानं पातेलं उचलून शेजारी देऊन आली. पण शेजारून परत येताना तिच्या लक्षात आलं की पुष्कळ दिवसांनी त्यानं आपल्याला काहीतरी विचारलं. हळूहळू ती दोघं पंपांविषयी बोलायला लागली. तो ज्या गोष्टी सांगायचा त्यातलं काहीच तिला आधी ठाऊक नसायचं, आणि असं यापूर्वी कधी झालं होतं ते तिला आठवेना.

दोन वर्षांनी सभागृह पुन्हा भरलं. या वेळी नारळ अश्लेषानं फोडला. नीरजा आणि राजस पार मागच्या रांगेत, दाराशेजारी बसले होते. नव्या किल्लेदारानं आकडा टाकला. टेकाड सरकलं, थरथरलं आणि थांबलं.

एकसष्ट अंश. शून्यापासून चांगलं लांब. आरसा वाकडा होता, आणि आता त्यात शंकेला जागा नव्हती. जुन्या गाळणीनं काय आकडा दिला असता ते तिथं फक्त नीरजाला माहीत होतं: एकोणऐंशी. मधले अठरा अंश निसर्गाचे नव्हते. ते तिचे होते, खिचडीचे आणि मासवडीचे. जिचा हेवा अंशांत मोजला गेला अशी ती बहुधा पहिलीच बाई असावी.

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. लोकांनी अश्लेषाला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. नीरजाही टाळ्या वाजवत होती. बरं वाटत होतं, खरा आकडा खरा म्हणून वर आला याचं मनापासून बरं वाटत होतं. आणि पोटात आग पडली होती ती पडलीच होती, पूर्वीसारखीच, तसूभरही कमी नाही.

तिनं शेजारी पाहिलं. राजसनं पडद्याकडे बघितलंच नव्हतं. तो पहिल्यापासून तिच्या चेहऱ्याकडे बघत बसला होता.

"म्हणजे आहे," तो म्हणाला.

"आहे."

"मोठा आहे."

"हो."

त्यानं तिचा हात धरला. कितीतरी दिवसांनी. "मग आज खिचडी?"

"खिचडी," नीरजा डोळे पुसत म्हणाली. "आणि तिलाही बोलाव जेवायला. पण सांगून ठेव, पापड मिळणार नाही."